घोडदळ उतारावर ठेवा

जावई म्हणाले, तोंडानं एक शब्द बोलायचा नाही, हुकूम द्यायचा तो लिहूनच. तिथंच माझं डोकं फिरलं. जन्म रापणीवर गेला माझा. किनाऱ्यावरून जाळं ओढताना मी नुसता हात वर केला की दोन्ही दोरांवरची माणसं थांबत. आणि इथं बोटाएवढे शिशाचे घोडे हलवायला चिठ्ठी लिहायची.

कसालला लेकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर जावयांनी असईची लढाई मांडली होती. हिरवं कापड, त्याखाली थर्माकोल घालून केलेला डोंगर, मधून निळी नदी, काडेपेट्यांची गावं. शिपाई त्यांनी स्वतः रंगवलेले, बंदुकांना संगिनीसुद्धा. खऱ्या असईला आपल्याकडे माणसं जास्त, तोफा जास्त, तरी इंग्रज जिंकला. नदीला एके ठिकाणी उतार होता, तिथून तो चालत आला आणि त्या जागी आपलं कोणी उभं नव्हतं. हे जावयांनीच सांगितलं. मी मनात म्हटलं, आज ती जागा मोकळी सोडणार नाही.

इंग्रज जावई. मराठ्यांचा सेनापती मी, घोडदळ माझ्या व्याह्यांकडे, आणि लेक पंच. व्याही निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं होतं. तिसरी, असं सांगितलं. ते हसले नाहीत, हरकत नाही म्हणाले. हसले असते तर बरं होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

चिठ्ठी पंचाकडे द्यायची, ती पुढच्या खेळीला पोचणार, कारण खऱ्या लढाईत स्वाराला पोचायला वेळ लागायचा. मध्येच कोणी बोललं तर त्याच्या बाजूची एक खेळी कापायची.

जावयांची नजर सुरुवातीपासून दोन काडेपेट्यांच्या मधल्या पाण्यावर. म्हणजे उतार तोच. मी पेन्सिल उचलली. 'घोडदळ' हा शब्द घोड्यांच्या डब्याच्या झाकणावर होता, तो बघून काढला. पुढं 'नदीच्या' लिहायला गेलो आणि हात अडला. द ला वेलांटी पहिली की दुसरी? आता ही गोष्ट लिहितो तर लेक सुधारून देते, तेव्हा विचारणार कुणाला? शब्दच गाळला. 'घोडदळ उतारावर ठेवा.' लेकीनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, पण पंचानं बोलायचं नसतं.

गुरुजींनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, मान डोलावली, आणि एकेक घोडा उचलून थर्माकोलच्या डोंगराच्या उतारावर नेऊन ठेवला. रांगेत, शाळेची कवायत असावी तसा.

मी टेबलाची कड धरून बसलो. समोर लाल डगल्यांची पहिली पलटण पाण्याशी आली.

चहा आला. चहाच्या वेळी लढाईविषयी बोलायचं नाही, बाकी चालेल. गुरुजी म्हणाले, "हुकूम छान लिहिलात हो. एकही चूक नाही." म्हणजे ते तपासत होते. कप ठेवायला आत गेलो तर लेक मागोमाग आली.

"बाबा, माका बोलाक येणा नाय, पण चिठी पुरी लिवक काय होता तुका?"

"शब्द बरोबर आसत."

"शब्द बरोबर आसत. घोडे खंय आसत?"

बाहेर आलो तर जावयांची माणसं पाण्यात उतरायच्या तयारीत. माझ्या तोफांचे फासे टाकले, पडले एक आणि दोन. इंग्रजांचा एकही शिपाई पडला नाही. अजून दोन खेळ्यांत ते अलीकडे येणार आणि माझी डावी बाजू उघडी. शुद्ध लिहून हरायचं की काय? पेन्सिल घेतली. सगळे थांबले होते. जावई छताकडे बघत होते, मुद्दाम. पहिली वेलांटी काढली, डोळे मिटून काढल्यासारखी. 'नदिच्या उतारावर या.' लेकीनं घडी घालून ठेवली आणि पुढच्या खेळीला गुरुजींना दिली.

गुरुजींनी वाचली. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, मी बघितलं. पेन अर्धं वर आलं. मग त्यांनी डोंगराकडे बघितलं, नदीकडे बघितलं, पेन परत आत सोडलं आणि बोलून गेले, "अहो, हा उतार होय!"

लेकीनं सासऱ्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही. एक खेळी कापली. घोडे जागच्या जागी. इंग्रज अर्ध्या नदीत.

आता मला राहवेना. म्हटलं, "गुरुजी, वेलांटी चुकली ती चुकली. घोडे हलवा तुम्ही."

माझीही एक खेळी गेली. जावयांनी लाल पलटण अलीकडच्या काठावर आणली, माझ्या तोफांच्या पाठीमागे. टेबलावर आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुरुजी माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "दुसरी."

पंचानं तीही खेळी कापली.