उत्तरेकडची वाडी

कल्पना करा, तुमच्यापुढे इंग्लंडचा नकाशा पसरला आहे आणि त्यात एक खेडं शोधायचं आहे. नाव ठाऊक आहे: नॉर्टन. पहिलं पाच मिनिटांत सापडतं. मग दुसरं. मग तिसरं. चाळिसावं सापडल्यावर पेन्सिल हातातून गळते.

१९६४ साली दुबईच्या एका सर्व्हे ऑफिसात नकाशे ट्रेस करणाऱ्या नूरुद्दीनचं असंच झालं. त्याचा धाकटा भाऊ हनीफ बोटीवर खलाशी होता. इंग्लंडात बोट सोडून तो शेतावर कामाला लागला. त्याचं शेवटचं पत्र दोन ओळींचं होतं. ‘खोकल्यातून रक्त पडतं. भाईजान, मला घेऊन जा.’ खाली पत्ता: नॉर्टन, इंग्लंड.

“शाबास!” खोलीतला गाववाला तय्यब म्हणाला. “आपल्याकडे ‘हनीफ, वरचा मोहल्ला’ लिहिलं की पोस्टमन दारात हजर. यानं इंग्लंडचाही वरचा मोहल्ला करून टाकला!”

नूरुद्दीन हसला नाही. तय्यबनं मान खाली घातली.

पाकिटावरच्या शिक्क्यात जिल्हा असणारच. पण विलायतेची नवी तिकिटं ऑफिसातले इंग्रज साहेब जमवायचे, आणि नूरुद्दीननं पत्र वाचायच्या आधीच, नेहमीसारखं, ते फुलांचं तिकीट कापून त्यांना दिलं होतं. पाकीट केरात गेलं. नूरुद्दीननं विनवल्यावर साहेबांनी अल्बम उघडला. तिकिटावर शिक्क्याची नुसती एक कड होती, तीत तारीख.

साहेब मवाळ माणूस. वाळवंटातल्या विहिरींची नावं तिथल्या भटक्या बदूंना विचारून अर्थासकट वहीत उतरवायचे.

“आमचीही नावं तशीच,” ते म्हणाले. “‘फोर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. ‘ले’ म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जमीन. ‘टन’ म्हणजे वाडी. नॉर्टन, उत्तरेकडची वाडी. नाव ठेवणाऱ्यांना तेवढं पुरलं.”

नूरुद्दीननं चाळीस पोस्टमास्तरांना चाळीस पत्रं लिहिली. अठ्ठावीस उत्तरं आली: असा इसम येथे नाही. मध्येच आईचं, मैमुनाबीचं, पत्र आलं. हनीफची तब्येत कशी आहे, एवढंच तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. त्याला नूरुद्दीननं उत्तर दिलं नाही.

आज एकोणतिसावं पाकीट आलं. तेच वाक्य. हनीफच्या पत्राला तीन महिने झाले होते. नूरुद्दीन ते हातात घेऊन साहेबांच्या टेबलापाशी गेला.

“साहेब, उत्तरेकडची वाडी, कबूल. पण कुणाच्या उत्तरेला?”