दोन बोटं सैल

बाई समोर आल्या की बायकांचे हात आधी स्वतःच्या कमरेकडे जायचे. कारण नमस्कार होण्याच्या आत त्यांची दोन बोटं तुमच्या लुगड्याच्या कमरेत शिरलेली असत. शिरली तर ठीक. अडली, की बाई खेकसायच्या, "कावून आवळता वो एवढं? कंबर हाये का कापसाची गासडी?"

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा दवाखाना होता. मूळच्या अमरावतीच्या, शिकून डॉक्टर झालेल्या आणि तोंडानं फटकळ. लग्नाच्या मांडवातही त्यांनी विहिणीच्या कमरेत बोटं घातलेली मी पाहिली आहेत. लोक तोंडाला पदर लावून हसत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि ज्याचं कुणीच ऐकत नाही.

आमचा भाजीचा मळा होता. आई डोक्यावर टोपलं घेऊन मोर्णा नदीपलीकडून बाजारात यायची. नऊवारी इतकं करकचून नेसायची की सोडल्यावर कमरेभोवती काळा पट्टा दिसायचा. सैल नेसते ती बाई चालीचीही सैल, असं तिला सासूनं शिकवलं होतं. या शिकवणीचा मला आजही संताप येतो. पट्ट्यावर खवले धरले, खाज सुटली, मग एक जखम झाली ती भरेना. आईनं त्यावर हळद दाबली आणि वरून लुगडं आवळलं. जागा दाखवण्याची नव्हती, म्हणून दाखवली नाही.

एक दिवस बाई वांगी घ्यायला आल्या आणि सवयीनं त्यांनी बोटं घातली. आई कळवळली. वांगी तिथंच टाकून बाईंनी तिला दवाखान्यात नेलं आणि असं झापलं की रस्त्यावरची माणसं थांबली. मोठ्या दवाखान्यात नेऊन जखम कापून काढवली. पण तोवर जांघेत गाठी आल्या होत्या. कॅन्सर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"कातडीले कॅन्सर कसा होते, बाई?" मी विचारलं.

"कातडी रोज झडते, रोज नवी येते. वाढायचं किती आन् थांबायचं कुठी, हे तिले समजते. पण त्याच जागी वर्षानुवर्षं काचत राहिलं, तं थांबायचं विसरते. बियाणं तेच असते पोरी, वागणं बिघडते. आत नेमकं काय होते, ते मलेही ठाऊक नाही."

माझी सोयरीक तेल्हाऱ्याला ठरली होती. आईचं कळल्यावर मुलाची आई आमच्या घरी आली. खाटेवर पडलेल्या माझ्या आईच्या देखत म्हणाली, "रक्तातला रोग हाये. उद्या पोरीतही उतरन. आमाले नको."

नेमक्या तेव्हाच बाई पट्टी बदलायला आल्या होत्या. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. "उठा," त्या म्हणाल्या. मुलाची आई गोंधळून उठली. बाईंची बोटं तिच्या कमरेत शिरली नाहीत. बाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या.

"तुमच्या कमरेवर तेच सुरू होऊन राहिलं," बाई म्हणाल्या. "हिचं रक्त तुमच्यात कवा आलं, ते सांगा मले."

ती पदर सावरून निघून गेली. सोयरीक मोडलीच. मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, आणि माझ्याबद्दलची कुजबुज गावोगाव पोचली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं, असं तिनं मनात घेतलं. तिला गाठींपेक्षा त्यानंच जास्त खाल्लं, असं मला वाटतं.

पुढे कळलं की तीच तेल्हाऱ्याची बाई गुपचूप बाईंकडे आली होती. तिची जखम वेळेत काढली, ती बरी झाली. मी तणतणत दवाखान्यात गेले. "तिले कावून बरं केलं तुमी?"

बाई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. "तिच्या घरी दोन लेकी हायेत. ती मेली असती तं त्याईले काय म्हटलं असतं लोकाईनं? रक्तातला रोग?" मग आवाज खाली आला. "बस. चहा घे."

चहा मी घेतला नाही. पण त्या लेकींचा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

आई गेली तेव्हा बाई पोचेपर्यंत बायकांनी तिला तयार केलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. आईला आवडायचं तसंच नेसवलं होतं, करकचून. बाई आल्या. आईजवळ बसल्या आणि सवयीनं दोन बोटं कमरेत घातली.

शिरली नाहीत.

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता आख्खी गल्ली झापतील. त्या हळूच म्हणाल्या, "आता तरी सैल बांधायचं होतं वो, बायांनो." मग तिथंच बसून त्यांनी आईच्या कमरेचा पीळ सोडला, आणि पुन्हा बांधताना आपली दोन बोटं मध्ये ठेवली.