एका पोरीची चार जेवणं

लेकीच्या शाळेत मुलांची वजनं केली आणि घरी चिठ्ठी आली. वय नऊ, वजन बेचाळीस, डॉक्टरांना दाखवा. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना, मी ती वाचून दाखवली तर ते खूष. "बेचाळीस? मागं गावी केंदूरला कांद्याच्या काट्यावर उभी केली तवा अडतीस भरली हुती. चांगलं हाय की!" नातीला कांद्याच्या काट्यावर चढवायचं आणि आकडा वाढला की मिशीवर ताव द्यायचा. मी कपाळावर हात मारला.

शिक्रापूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझीच हजेरी घेतली. पोर काय खाते हे नंतर, आधी कधी खाते ते विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "वेळच्या वेळी." त्यांनी कागदावर लिहून दिलं: सकाळी शाळेआधी अर्धा तास व्यायाम, दुपारी एक जेवण, दुसरं संध्याकाळी सातच्या आत, पुढं काही नाही. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

हायवेला पळवायचं तर कंटेनर अंगावर येतात. म्हणून आम्ही मायलेकी गच्चीत दोरीवरच्या उड्या मारायला लागलो. तिसऱ्या दिवशी खालचा भाडेकरू, रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला, डोळे चोळत वर आला. "भाभीजी, बच्ची कूदे तो चलता है. आप मत कूदिए, पंखा हिल रहा है." लेक हसून हसून खाली बसली. त्या दिवशी व्यायाम तेवढाच झाला.

महिन्यानं वजन केलं. त्रेचाळीस.

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी चोरून खायला घालतंय, एवढं नक्की. आधी आबांना विचारलं. शाळा सुटल्यावर साडेबाराला ती त्यांच्याबरोबर भाकरी खाते, पण ते तर कागदावरच होतं. मग नवऱ्याकडं वळले. तो पहिल्या पाळीहून चारला घरी येतो आणि तेव्हा जेवतो.

"मी कशाला घालू? ती आपली बसती माझ्यासंगं. दोन चपात्या खाती. न्हाई म्हणू का पोरीला?"

मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् साडेआठला तुझ्या ताटात कोण जेवतं?"

मी आठला कंपनीतून येते. तोवर बापानं तिला साडेसहाला वाढलेलं असतं, कागदाप्रमाणे. पण मी ताट घेतलं की ती शेजारी येऊन बसते. मी एक घास देते, मग दुसरा, मग म्हणते थांब, तुला वेगळंच वाढते. आणि वाढता वाढता तिच्या वजनावरून तोंडही चालवते. हे मी रोज करत होते आणि चोर मात्र घरभर शोधत होते. आम्ही तीन मोठी माणसं तीन वेळांना जेवतो आणि तिन्ही पंगतींना हजर असलेली ही एकटीच. वर कागदावरचं साडेसहाचं वेगळं.

मग तिला जवळ घेऊन शहाण्या आईसारखं समजावलं. कागदावरची दोन जेवणं राहतील. वरची दोन आहेत, चारचं पप्पांसोबतचं आणि साडेआठचं माझ्यासोबतचं. दोन्ही एकदम सुटणार नाहीत, आधी एक सोड. कोणतं ते तू ठरव.

बापाचंच सुटणार याची मला खात्री होती. दिवसभर राबून आलेल्या आईला कोण सोडतं?

"तुझं," ती म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"का गं?"

"तू सारखी माझ्या ताटाकडं बघती, मम्मी. चपात्या मोजती. पप्पा माझ्याशी बोलत्यात."

मला लागलं. चांगलंच लागलं. तुझ्यासाठीच मोजते ना भवाने, असं अगदी ओठांवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

तिनं शब्द पाळला. आता साडेआठला मी एकटी जेवते आणि ती आतल्या खोलीत आबांना धडा वाचून दाखवते. काल राहवलं नाही, हाक मारली. "ये की, खाऊ नको. नुसती बस, बोलू."

आतूनच उत्तर आलं, "तू आधी जेवून घे, मम्मी. मग येते."