बूट घालून फुगडी

सुलूमावशी आमच्या कारापुरात नऊवारीवर पांढरे बूट घालून हिंडायची. बूट साधेसुधे नव्हते. क्रिकेटवाले नि सिनेमावाले मिरवतात त्या कंपनीचे, बाजूला ठसठशीत खूण असलेले. गुडघे झिजले, अनवाणी नाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा दुबईच्या मुलाने ते पाठवले. कॉलेजची मुलं थांबून विचारायची, "मावशे, ओरिजिनल?" ती ऐटीत पाय पुढे करायची. "बूट ओरिजिनल, ढोपरां डुप्लिकेट!"

गंमत म्हणजे तोवर आमच्या फुगडी पथकात तिच्याएवढी कडक बाई दुसरी नव्हती. एक मुलगी पायमोजे घालून सरावाला आली, तर मावशीने तिला घरी पाठवलं होतं. "फुगडी म्हणजे देवाचो खेळ. पांय जमनीक लागूंक जाय." तिची जोडी माझ्या सासूशी, शेवंतीमांयशी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाड्यावर आल्या नि तेव्हापासून एकमेकींचे हात धरून फिरत आल्या.

त्या साली शेजारच्या साखळी गावातल्या फुगडी स्पर्धेत मावशी बूट घालून उभी राहिली. मांयने हात पुढे केलाच नाही.

"मोजे घातले म्हूण पोरीक घरा धाडलें तूंच, आनी आतां हें?"

"ष्टेजीर देव खंय आसा गो? हांगा परीक्षक आसा," मावशी म्हणाली.

मांय तरातरा खाली उतरली. मग मावशी माझे हात धरून खेळली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि नऊवारीखाली गरगरणारे पांढरे बूट सगळ्या तालुक्याने पाहिले. पुढच्या वर्षी तीन पथकं तसलेच बूट घालून आली. काहींचे म्हापशाच्या बाजारातले, खूण जरा वाकडी असलेले. आमच्या धडधाकट पोरींनाही तेच हवे झाले. मावशी वैतागली. "म्हाका ढोपरांखातीर जाय, तुमकां मोबायलाखातीर!" पण तिचं ऐकतं कोण? अनवाणी पथक आता जुनाट दिसायला लागलं होतं.

मांयने मात्र तिच्याशी अबोला धरला तो धरलाच. रस्त्यात भेटली की मावशी मला हळूच विचारायची, "शेवंती कशी आसा गो?" तिला त्या कौतुकाचं काही नव्हतं. तिची जोडी मोडली होती, आणि ते तिला खुपत होतं.

चवथीला ती आमच्याकडे आली. गणपतीसमोर बूट घालणं तिला स्वतःलाच पटणारं नव्हतं. ते बाहेर सोप्यावर काढून ती भिंतीला टेकून बसली आणि गाणी सांगू लागली. बायका खेळत होत्या. मांय थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग उठून बाहेर गेली. मला वाटलं, राग अजून आहेच. विहिरीवर पाणी ओढल्याचा आवाज आला. मांय परतली ती ते बूट घेऊन. तळ घासून धुतलेले, आणि ती ते पदराने पुसत होती.

"घाल गो."

"देवामुखार?"

"देवाक हांव सांगतां. तुजेबगर म्हाका फिरूंक येना."

दोघी रडत होत्या आणि फू फू करत गरगर फिरत होत्या. मलाही रडू आवरेना.

पुढच्या चवथीआधीच मावशी गेली, झोपेतच. आता आमच्या पोरी रंगीबेरंगी बूट घालून स्पर्धा गाजवतात. घरच्या गणपतीसमोर मांय गाणी सांगायला बसते. मी दर वर्षी तिच्यापुढे हात करते.

"तूं खेळ बाय," मांय म्हणते, आणि आपले हात पदरात गुंडाळून घेते.