आवाज बंद करून द्या म्हटलं होतं न, ताई?

बायांच्या ग्रुपमधल्या समद्याजणींनो, डोकं इतकं तापलं आहे की आधी लिहिते, मग जेवते.

माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप तुम्ही पाहिलीच आहे. मागच्या महिन्यात गिअरबॉक्स घरघर करायला लागला म्हणून एका गॅरेजात दिली. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुम्ही गिअर नीट टाकत नसाल." ऐकून घेतलं. गाडी परत आली ती एकदम शांत.

आज कळमन्याच्या मार्केटात मोसंबी उतरवून निघाले, तर घरघर पुन्हा सुरू, आधीपेक्षा जास्त. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की आवाज थांबायचा, सोडला की परत यायचा. म्हणजे दोष गिअरबॉक्समधल्या बेअरिंगचा, माझ्या हाताचा नाही.

घरी येऊन नवऱ्यानं आणि मी खालचा बोल्ट खोलून ऑइल काढलं. ऑइल कसलं, पिठलंच ते! त्यात चक्क लाकडाचा भुसा. आवाज दाबायला भुसा टाकला आणि आत बेअरिंगचा चुरा होत राहिला.

मिस्त्रीला फोन लावला. "काहून गा, भुसा काहून टाकला?"

तो म्हणतो कसा, "ताई, तुमीच त म्हटलं होतं, आवाज बंद करून द्या. झाला होता न बंद?"

आता गिअरबॉक्स अंगणात उघडा पडला आहे आणि नवं बेअरिंग आम्हीच बसवून राहिलो.

सासरी, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मी जिथं जिथं आवाज केला तिथं कोणी आत उघडून पाहिलं नाही. भुसाच टाकला. तुमच्यात लोकांनी किती भरला आहे?