कांद्याची साल आणि आईचं हाड

कांदा सगळेच खातात, पण कांद्याच्या सालीला मान देणारी बाई उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ती माझी नणंद आहे. वन्सं मिरजेत एका प्रयोगशाळेत असतात. सालीत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं असतात. माणसाच्या मूलपेशींना ती बेतानं दिली तर त्या पेशी हाड घडवतात का, हे त्या कित्येक वर्षं बघतायत. हे मला कळतं, कारण मी भाकरी थापत असताना, नको नको म्हणत असतानाही, त्यांनी समजावलंय. सांगलीला माझ्या भावाच्या लग्नात सगळे त्यांना शोधत होते, तर वन्सं आचाऱ्यांपाशी पदर खोचून पिशवीत सालं भरत होत्या. आचारी म्हणाला, "आवं ताई, कांदं न्या की, सालं कशाला?" त्या म्हणाल्या, "कांदे तुम्ही ठेवा." अक्षता पडल्या न पडल्या तोच निघाल्या, पेशींचं खाद्य बदलायची वेळ झाली होती. तान्हं मूल घरी ठेवून आलेल्या बाईसारखी त्यांची घाई असते. जेवायचंही राहिलं.

दुसरी खोड म्हणजे खात्री झाल्याशिवाय अवाक्षर बोलायचं नाही. पोहे कसे झालेत विचारलं तर म्हणतात, "एकदाच खाऊन कसं सांगू, वहिनी?" आणि पुन्हा घेतात.

गेल्या वर्षी म्हसवडला सासूबाई अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला इस्पितळात आणलं, तर त्या ऑपरेशनला तयार होईनात. लेक हाडाचं औषध करते हे त्यांनी साऱ्या गल्लीत सांगून ठेवलेलं. "घरचं औषध असताना कापायचं कशाला? सिद्धनाथाच्या देवळात पायी जायचंय मला. घाल की चमचाभर."

"आई, ते अजून ताटलीतल्या पेशींपुरतंच आहे. जास्त झालं तर पेशी मरतात."

"मग कमी घाल."

वन्सं बधल्या नाहीत. सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लोकांच्या हाडांसाठी जीव टाकतीस, आईच्या न्हाई." मलासुद्धा तेव्हा वन्संचा राग आला. काढा म्हणून साधं पाणी दिलं असतं तरी म्हातारी सुखावली असती, असं वाटलं. वन्संनी ते केलं नाही. दोन दिवस त्या आईचे पाय दाबत खाटेपाशी बसून राहिल्या, सालं नाहीत की पेशी नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उठ. तुजी कामं खोळंबली असत्याल. कापू दे त्यास्नी." तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ऑपरेशनात जे हाड काढू त्यातली मज्जा संशोधनाला द्याल का, मूलपेशी तिच्यातूनच मिळतात. सासूबाईंनी सही केली. "लेकीच्या कामाला तरी येऊ दे," म्हणाल्या.

ऑपरेशन बरं झालं, पण वय झालेलं. म्हसवडच्या घरी वॉकर घेऊन सासूबाई ओसरीपर्यंत येतात, देवळापर्यंत काही जाणं होत नाही. दर रविवारी मात्र वन्संना त्यांचा फोन असतो. "माजं हाड कसं हाय गं?"

प्रयोगशाळेत येणाऱ्या पेशींच्या नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. त्यातली आईची कोणती हे वन्संना कळायची सोयच नाही, आणि विचारून घेतील अशातल्या त्या नाहीत. परवा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. वन्सं म्हणाल्या, "छान वाढतंय, आई."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.