सुटं लोह
लोहाचा कणही राहू नये म्हणून प्रयोगशाळेत आम्ही नळ्या आम्लात भिजवून धुतो. त्या तिखट वासाने मला जव्हारच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवते. मोखाड्याकडच्या पाड्यावरून एक बाई मुलीला घेऊन आली होती. रक्ताच्या जन्मजात आजारामुळे मुलीला वरचेवर रक्त चढवावं लागे, आणि त्यातलं लोह अंगात साठत होतं. रक्तातलं एक प्रथिन लोहाला धरून ठेवतं. त्याला न धरता आलेलं, सुटं लोह हृदयाला इजा करतं. ते मोजण्यासाठी मी मुंबईहून रक्ताचा नमुना घ्यायला गेले होते. "आमचे पाड्यात सगल्यांना लोह कमी सांगतात, ना माझे पोरीलाच जास्त कसा झाला?" आई म्हणाली. मी समजावू लागले, तोवर तिने मुलीच्या मनगटातलं लोखंडी कडं ओढायला घेतलं. नजर लागू नये म्हणून तिनेच ते घातलं होतं. कडं निघेना, तशी ती आणखी जोरात ओढू लागली. "याच्यानं झाला का, बाई?" मी तिचा हात धरला. "नाही हो. कड्यातलं लोखंड रक्तात जात नाही. राहू द्या." ती मुलीचं लाल झालेलं मनगट पदराने पुसत राहिली. मुंबईत नमुन्यात रसायन टाकताच गडद गुलाबी रंग चढला. सुटं लोह फार होतं. औषध लगेच सुरू झालं. पुढच्या वर्षी तोच रंग अगदी फिका उतरला, तेव्हा मी दवाखान्यात फोन करून, मुलीला रक्त चढवायला घेऊन आलेल्या आईला ते सांगितलं. ती म्हणाली, "आता तिला खेलू देऊ?" ती मुलगी आता जव्हारला कॉलेजात शिकते. तिचा नमुना दर वर्षी येतो, आणि तो मी दुसऱ्या कुणाला तपासू देत नाही.